घोडचूक

डब्लिन, ओहायो
५ मार्च २००६

प्रिय दादा,

फोनवर बोलून आठ दिवसही झाले नाहीत आणि मी कागद घेऊन बसले, म्हणजे काहीतरी बिनसलं असं तुला वाटेल. शोभनावहिनी तर पाकीट बघूनच देवापुढे दिवा लावेल. तेव्हा आधीच सांगते, सगळे छान आहेत. अरुणची साखर आटोक्यात आहे. सई तिकडे रेडमंडला पावसाला कंटाळली आहे, पण नोकरीला नाही. आणि मी एक्कावन्न वर्षांची बाई पाठीवर सॅक टाकून कॉलेजकन्येसारखी हिंडते आहे. पत्र लिहायचं कारण एवढंच, की फोनवर तू 'बरं आहे ना, चल ठेवतो' करून दीड मिनिटात आटपतोस, आणि मला बोलायचं आहे ते दीड मिनिटात मावत नाही. शिवाय फोनवर तुला लगेच 'नाही' म्हणता येतं. पत्र निदान शेवटपर्यंत वाचावं लागतं.

मुद्दा आधी सांगून टाकते, म्हणजे तू पानं उलटून शोधत बसणार नाहीस. अकरा जूनला, रविवारी, मला एम.ए.ची पदवी मिळणार आहे. काळा झगा, चौकोनी टोपी, सगळा थाट. त्या दिवशी तू मला इथे हवा आहेस. हे मी चौथ्यांदा विचारते आहे. अठ्ठ्याऐंशी साली हे घर घेतलं तेव्हा तुझी रजा नव्हती. सत्त्याण्णवला सईची शाळा संपली तेव्हा तू रिटायर होऊन पाच वर्षं झाली होती, तर म्हणे म्हैस व्यायला झाली आहे. आणि तीन वर्षांपूर्वी सईच्या लग्नाला गुडघे. मुलीला मांडवात आणायचं मामाने, गुरुजी 'मामा कुठे, मामा कुठे' करत राहिले आणि शेवटी शेजारचा संजय मामा झाला. त्याने काम चोख केलं, पण सईच्या दंडाला धरलेला त्याचा हात बघून मला भडभडून आलं. त्यानंतर वर्षभर मी तुझ्यावर रागावले होते, हे तुला माहीत आहे. हट्टी, हेकट, काय काय म्हटलं तुला. तो राग किती चुकीचा होता ते मला गेल्या महिन्यात कळलं, पण त्यावर नंतर येते.

सई घर सोडून गेली तेव्हा या घरात आवाज करणारे म्हणून मी आणि भांडी धुण्याचं मशीन एवढेच उरलो होतो. अरुण ऑफिसातून आला की कॉम्प्युटरपुढे बसतो. मग मी गावच्या लायब्ररीत अर्धवेळ काम धरलं. तिथे संध्याकाळी स्पॅनिशचा वर्ग असायचा, त्यात जाऊन बसले. अरुणला वाटलं, योगासारखं हेही तीन महिन्यांत सुटेल. सुटलं नाही. वर्गातून कॉलेजात, कॉलेजातून विद्यापीठात, आणि तिथे त्यांच्या जुन्या वीरकथा हाती पडल्या. चार-पाचशे वर्षांपूर्वीची जाडजूड पुस्तकं, पानोपानी चिलखत घातलेले शूरवीर, राक्षस, जादूगार आणि भलत्याच सुंदर राजकन्या. खरं सांगते, दोन प्रकरणांतच मला त्या वीरांचा कंटाळा आला, सगळे एका साच्यातले. माझं लक्ष जायचं ते त्यांच्या खाली. कोण कशावर बसलंय, तिकडे. वीर आला की घोड्यावर, आणि घोड्याला नाव, रंग, कुळ, सगळं पानभर. राजकन्या हळू चालीच्या पांढऱ्या घोडीवर. पाद्री आणि वैद्य खेचरावर. नोकर गाढवावर, नाहीतर पायी. माणसाने तोंड उघडायच्या आधीच त्याच्या बुडाखालचं जनावर त्याची पत सांगून मोकळं! सभ्य गृहस्थाला त्यांच्याकडे काबायेरो म्हणतात आणि त्याचा मूळ अर्थ आहे घोड्यावरचा माणूस. म्हणजे घोडा नसेल तर तुम्ही गृहस्थसुद्धा नाही. आमच्या बाई, ग्रासिएला, त्या अर्जेंटिनाच्या, म्हणाल्या यावरच प्रबंध लिही. मी म्हटलं, बाई, हे मला कुणी शिकवायला नको, आमच्याकडे नवरदेव घोड्यावरून येतो आणि चोराची धिंड गाढवावरून निघते.

यातली एक गंमत खास तुझ्यासाठी राखून ठेवली होती. त्या काळात स्पेनमध्ये सगळे खेचरांवर बसायला लागले, इतके की लढाईला घोडे कमी पडतील म्हणून राजाने हुकूम काढला, पुरुषांनी खेचरावर बसायचं नाही. पाद्री वगैरेंना तेवढी मोकळीक. आता आमच्या शेजारचं हे मोठं शहर कोलंबस ज्याच्या नावाचं, त्या गृहस्थाला म्हातारपणी सांधेदुखीने असं धरलं की घोड्याचे हिसके सोसवेनात. तर त्याला खेचरावर बसायला राजाकडून खास परवाना घ्यावा लागला. अर्धं जग पालथं घातलेला माणूस, आणि शेवटी अर्ज कशाचा, तर खेचराचा! तेव्हा दादा, गुडघ्यांचं कारण निदान या शहरात तरी चालणार नाही.

माझं घोडं अडलं ते नेमकं खेचरापाशी. पुस्तकांत घोड्याला पानभर आणि खेचराला एक ओळ. पाद्र्यासारखा मानाचा माणूस खेचर का पसंत करतो, ते जनावर चालतं कसं, वागतं कसं, हे मला कुठे नीट सापडेना. एवढ्या मोठ्या विद्यापीठात माझ्या ओळखीचं एकही माणूस नव्हतं ज्याने खेचराला हात लावला आहे. आणि माझ्या सख्ख्या भावाने चोवीस वर्षं सैन्याची खेचरं डोंगरात चढवली! तरी हे सगळं विचारणारं पत्र तुला लिहायला मी दोन आठवडे लावले. का लावले ते तुला कळलं असणार, पण तू उत्तरात तसं दाखवलं नाहीस.

तुझं उत्तर नोव्हेंबरात आलं. वहीची सात पानं, दोन्ही बाजूंनी भरलेली. मी रस्त्यावरच्या पत्रपेटीपाशी उभी राहूनच वाचायला लागले. थंडी मी म्हणत होती, हातमोजे घरात राहिले होते, पण शेवटचं पान संपेपर्यंत पाय हलले नाहीत. तू लिहिलं होतंस, घोडा घाबरला की आधी पळतो आणि विचार नंतर करतो, खेचर आधी विचार करतं. कड्याच्या वाटेवर ते मुद्दाम दरीच्या बाजूने चालतं. नवख्या माणसाचा जीव जायची वेळ येते, पण आतल्या बाजूने गेलं तर पाठीवरचं ओझं दगडाला घासून तोल जाईल हे त्याला कळतं. तुझे पाद्री खेचरावर का बसायचे म्हणून विचारतेस, तर त्यांना पडायचं नसायचं म्हणून, इतकं सोपं आहे, असंही वर लिहिलंस. हे वाचून ग्रासिएला मोठ्याने हसल्या आणि म्हणाल्या, हे आमच्या विद्वानांना शंभर पानांत सांगता आलं नाही.

आणि मग बकुळा. सैन्यात खेचराला नाव नसतं, खुरावर नंबर असतो, पण तू तुझ्या पहिल्या खेचराला बकुळा म्हणायचास, हे मला आत्ता कळलं. एकदा बर्फात ती मधेच उभी राहिली आणि काही केल्या हलेना. बरोबरच्या जवानाने काठी उगारली. तू त्याला थांबवलंस, ओझं सोडून पाहिलंस, तर एका बाजूची पेटी चार बोटं खाली घसरली होती. दोन्ही बाजू पुन्हा सारख्या बांधल्यास, तिच्या पुढे जाऊन उभा राहिलास आणि म्हणालास, चल गं बकुळा. आणि ती निघाली. 'लोक तिला हट्टी म्हणतात,' तू लिहिलंस, 'ओझं वाकडं बांधणाऱ्याला कोणी काही म्हणत नाही.' हे वाक्य मी प्रबंधात जसंच्या तसं घातलं आहे. स्पॅनिशमध्येही छान दिसतं ते.

आता जे लिहायला घाबरत होते ते. अठ्ठ्याहत्तर साल, कोरेगावच्या आपल्या घरातली बैठक. अरुणकडची सात माणसं मला बघायला पुण्याहून आली होती आणि तू तिकडे डोंगरात होतास. पोहे झाले, आणि अरुणच्या आत्याबाईंनी विचारलं, मुलीचा भाऊ सैन्यात म्हणता, म्हणजे नेमका कुठे? बाबा घसा खाकरत होते तेवढ्यात मी बोलले. मान खाली घालून बसायचं होतं मी, मला कोणी विचारलंही नव्हतं, तरी म्हटलं, घोडदळात. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. आई बश्या गोळा करून आत गेली. गल्लीतली पोरं तुझ्या मागे 'खेचरवाला हेमू' म्हणून ओरडायची ते माझ्या कानात होतं. मला वाटलं, हा शब्द इथे उच्चारला की सातही जण हसतील आणि मी जन्मभर त्या घरात खेचरवाल्याची बहीण राहीन. अजून एक सांगते. तू दोरी धरून उभा आहेस तो युनिफॉर्ममधला फोटो, जो तू मला कॉलेजात असताना पाठवला होतास, तो मी कात्रीने अर्धा कापला होता. आईला सांगितलं, चौकटीत बसत नव्हता. आता वाटतं, मी कापली ती बकुळाच असणार.

लग्नाला तू रजा काढून आलास. तुला आधी गाठून सगळं सांगायचं असं मी ठरवलं होतं, पण हळदीच्या गडबडीत जमलं नाही. खरं म्हणजे मी जमवलं नाही. सासऱ्यांनी भर मांडवात तुझ्या पाठीवर थाप मारली आणि विचारलं, काय हेमचंद्र, घोडे कसे आहेत तुमचे? तू एकदा माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालास, चांगले आहेत. मग नवरदेव मारुतीच्या पाया पडायला निघाला, बँड सुरू झाला आणि अरुणची घोडी बिथरली. मालकाला आवरेना. तू पुढे होऊन लगाम धरलास, तिच्या कानाशी काहीतरी बोललास आणि देवळापर्यंत तिला शांत चालवत नेलंस. सगळे म्हणाले, बघा, याला म्हणतात घोडदळाचा माणूस! तेवढ्यावर माझ्या सासरी अठ्ठावीस वर्षं तुझं नाव निघतं आहे. अरुण घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला तो अर्धा फोटो दाखवतो. त्यात तुझ्या हातातली दोरी कडेपर्यंत जाते आणि तिथेच संपते. सईने सहा वर्षांची असताना तांबड्या खडूने एक घोडा काढून त्या टोकाला चिकटवला, तो अजून तिथेच आहे. तू मला त्या दिवसाबद्दल कधी एक शब्द बोलला नाहीस. मी तुझ्या गप्प बसण्याला क्षमा समजत आले, कारण ते मला सोयीचं होतं. मोठ्या चुकीला आपण घोडचूक का म्हणतो ते मला ठाऊक नाही, पण माझ्या चुकीला तरी दुसरा शब्द शोभणार नाही.

मागच्या महिन्यात विभागात प्रबंधावर माझं भाषण झालं. वीस-बावीस माणसं असतील. अरुण ऑफिसातून लवकर निघून आला होता आणि येताना संजय-शैलजालाही घेऊन आला होता. भाषण बरं झालं, माझं स्पॅनिश दोनदाच अडखळलं. शेवटी एका मुलीने विचारलं, तुमच्या तळटिपांमध्ये चार ठिकाणी 'हेमचंद्र यांचे खासगी पत्र' असं आहे, हे कोण, इतिहासकार आहेत का? जाणकार आहेत एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. शेवटच्या रांगेत अरुण मला अंगठा उंचावून 'सांग, सांग' म्हणून खुणावत होता, कारण त्याला उत्तर पाठ होतं. आणि मला एकदम ती बैठक दिसली, त्या बश्या, आईची पाठ. मी म्हटलं, ते माझे मोठे भाऊ. चोवीस वर्षं त्यांनी आमच्या सैन्याची खेचरं डोंगरात चढवली. माझ्या प्रबंधात खेचराबद्दल जे काही शहाणपणाचं आहे, ते त्यांचं आहे. दादा, कोणी हसलं नाही. त्या मुलीने तुझ्या नावाचं स्पेलिंग विचारून वहीत लिहून घेतलं. ग्रासिएला म्हणाल्या, त्यांना इथे बोलावता येईल का?

परतताना आम्ही गाडीत बसलो. अरुण म्हणाला, 'अगं, ट्वेंटी-एट इयर्स मी घोडदळ घोडदळ करतोय! माझ्या बॉसला सांगितलंय यार! मला तरी सांगायचंस.' मी रडायला लागले, तर म्हणाला, 'रडू नकोस, मी ड्राइव्ह करतोय.' घरी येऊन तो फोटोपुढे जाऊन उभा राहिला आणि त्याने विचारलं, मग ती घोडी कशी आवरली दादांनी? मी म्हटलं, खेचर सांभाळणाऱ्याला घोडी काय जड आहे. दुसऱ्या दिवशी त्याने ऑफिसच्या शिस्तीत चाळीस जणांना ई-मेल पाठवला, त्याला कारण लागत नाही हे तुला माहीत आहेच. विषय, दुरुस्ती. मजकूर, माझे मेहुणे श्री. हेमचंद्र यांच्याविषयी मी १९८१ साली या देशात आल्यापासून देत असलेली माहिती चुकीची असून ते घोडदळात नव्हे, तर खेचरांच्या तुकडीत होते, झालेल्या गैरसमजाबद्दल दिलगीर आहे, अधिक माहिती ते जूनमध्ये आल्यास समक्ष घ्यावी. शैलजाचा लगेच फोन, 'ओ माय गॉड सुलेखा, म्हणजे बर्फात वगैरे? हे तर कितीतरी हार्ड आहे गं!' आणि सई हसतच सुटली. 'आई, म्यूल्स आर सो मच कूलर!' मग म्हणाली, 'पण माझ्या ड्रॉइंगचे कान लाँग करायला पाहिजेत आता.' मी इतक्या वर्षांत इतकी हलकी कधी झाले नव्हते.

त्याच आठवड्यात मी तुझी जुनी पत्रं काढून बसले. सईच्या लग्नानंतर तू लिहिलेलं पत्र त्यात होतं. गुडघ्यांच्या खाली, अगदी शेवटी, एक ओळ होती, 'तिथे सगळे घोड्यांचं विचारतील सुले, आणि मला त्यातलं काही सांगता यायचं नाही.' तेव्हा मी ती रागाच्या भरात वाचली होती, म्हणजे वाचलीच नव्हती. आता शेजारी तुझी सात पानं ठेवून वाचली आणि मला सगळं कळलं. तुला खोटं बोलता येत नाही, लहानपणापासून येत नाही. जन्मात एकदा बोललास, दोन शब्द, तेही माझ्या मांडवात, माझ्यासाठी. ते पुन्हा बोलावे लागू नयेत म्हणून तू माझ्या घराची पायरी चढला नाहीस, भाचीच्या लग्नालासुद्धा नाही, आणि मला उघडं पाडायचं नाही म्हणून हे कारण कधी स्पष्ट सांगितलं नाहीस. मी तुला हट्टी म्हणत राहिले. दादा, ओझं मी वाकडं बांधलं होतं. ते सोडायला मला अठ्ठावीस वर्षं लागली, आणि तेही तुला न विचारता परक्या लोकांसमोर सोडलं. दोन्हींची माफी मागते. हे पत्र त्यासाठीच आहे. आता इथे तुला कोणी घोड्यांचं विचारणार नाही. बकुळाचं विचारतील, तर तिच्याबद्दल हवं तेवढं बोल, सगळे कान देऊन ऐकतील. वहिनीला घेऊन ये, आणि त्या फोटोची दुसरी प्रत तुझ्याकडे असेल तर तीही आण, मी मोठी चौकट आणून ठेवली आहे. ओझं दोन्ही बाजूंनी सारखं केलं आहे, हात लावून बघ हवं तर. मी पुढे येऊन उभी आहे. चल रे दादा.

तुझीच,
सुलू